मृगाच्या तोंडावर कामांची यादी

या आठवड्यात मृग निघतो आहे. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा, वसमत, पाचही तालुक्यांत पेरणीची लगबग आहे, कृषी सेवा केंद्रांसमोर गर्दी आहे, आणि कुणालाही थांबवून विचारले तर उत्तर एकच येते, ‘लई कामं पडलीत.’ कोणकोणती, असे पुढे विचारले की माणूस दोन-तीन कामे सांगून थांबतो. बाकीची त्याला तेव्हा आठवत नाहीत. ती आठवतात रात्री, अंथरुणाला पाठ टेकल्यावर. सोसायटीचे कर्ज नवे-जुने करायचे राहिले. थोरल्याचे नॉन-क्रिमिलेअर ३१ मार्चलाच संपले. मोटारीचा स्टार्टर दुरुस्तीला टाकला आहे, तो आणायचा आहे. आईच्या बीपीच्या गोळ्या आणखी दोन दिवस पुरतील.

पेरणीच्या तोंडावरचा अग्रलेख पावसावर, बियाण्यांच्या किमतींवर नाहीतर सोयाबीनच्या भावावर असावा, अशी वाचकांची अपेक्षा असते आणि ती रास्त आहे. आज आम्ही मुद्दाम डोक्यातल्या या कामांवर लिहीत आहोत. एक दाखला वेळेवर न काढल्याने पोराचा प्रवेश अडतो, एक तारीख हुकल्याने व्याजाची सवलत जाते, आणि हे सारे घडते ते आळसामुळे नव्हे. कामे खूप, ती सगळी एकाच डोक्यात, आणि ते डोके उन्हात राबून थकलेले. बहुतेक घरांत आता एक तरी स्मार्टफोन आहे. त्यात कामांची यादी ठेवण्याची सोय आहे. ती वापरात आणावी, आणि आपल्या पद्धतीने वापरात आणावी, असे आमचे कळकळीचे सांगणे आहे.

यादी करणे आपल्याला नवे नाही. लग्नाच्या किराण्याची यादी वर ‘श्री’ लिहून सुरू होते आणि पहिली ओळ हळदी-कुंकवाची असते. पाडव्याला सालगड्याशी सालाचे बोलणे होते, तेव्हा धान्य, कपडे, उचल, सारे मोजून ठरते. १९७३ मध्ये जयंतराव साळगावकरांनी ‘कालनिर्णय’ काढले, तेव्हापासून भिंतीवरच्या त्या चौकटींत दुधाचे लिटर, गॅसची तारीख आणि गाय कधी भरवली तो दिवस लिहिणारी घरे महाराष्ट्रभर आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेतला शिक्षक रोजचे टाचण काढतो. म्हणजे वस्तूंची यादी आपण करतो, हिशेबाची करतो, नोकरीतल्या कामाची करतो. घरच्या आणि शेतातल्या कामांची मात्र करत नाही. ती तोंडी चालतात.

पूर्वी ते चालूनही जात होते. घरात माणसे जास्त होती, एक कारभारी असे, आणि कामाचा क्रम ऋतूच सांगत असे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत त्यात तारखांच्या कामांची मोठी भर पडली. पीएम-किसानची ई-केवायसी आली, शेतकरी ओळखपत्र आले. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि पेरा नोंदवायचे काम शेतात उभे राहून फोटो काढण्याच्या रूपाने शेतकऱ्याकडे आले. अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले, त्यांच्या फेऱ्यांना आपापल्या मुदती आहेत. यातले प्रत्येक काम छोटे आहे. पण प्रत्येकाला मुदत आहे, प्रत्येकाला ओटीपी लागतो, आणि सर्व्हर बंद असला की तेच काम उद्यावर जाते. आपल्या आजोबांच्या स्मरणशक्तीवर असली कामे कधी पडली नव्हती. तिच्या भरवशावर ती आजही होतील असे धरून चालणे म्हणजे स्वतःवर अन्याय आहे.

अर्धवट काम मनाला का टोचत राहते, याचा अभ्यास जुना आहे. ब्ल्यूमा झायगार्निक या संशोधक बाईंनी १९२७ साली बर्लिनमध्ये दाखवले की, मध्येच थांबवलेली कामे माणसाला पूर्ण झालेल्या कामांपेक्षा जास्त आठवतात. पुढे २०११ मध्ये मासिकाम्पो आणि बॉमायस्टर या दोघा मानसशास्त्रज्ञांनी त्यात मोलाची भर घातली. काम पूर्ण झालेच पाहिजे असे नाही. ते कधी, कसे करायचे एवढे नक्की ठरवले तरी त्याची टोचणी कमी होते, असे त्यांना आढळले. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात ५७ तरुण-तरुणींवर प्रयोग झाला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. झोपण्याआधी पाच मिनिटे पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, केलेल्या कामांविषयी लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटे लवकर झोप लागली. नऊ मिनिटे ऐकायला थोडी वाटतील. जून महिन्यात दिवस उगवायच्या आत उठून रानात जाणाऱ्याला ती थोडी नाहीत.

आता फोनमधल्या यादीकडे येऊ. गूगल कीप, गूगल टास्क्स, मायक्रोसॉफ्ट टू डू, टूडूइस्ट अशी बरीच ॲप आहेत आणि घरच्या वापराला त्यांची फुकटातली सोय पुरते. काम लिहायचे, हवी तर तारीख टाकायची, झाले की टिचकी मारायची. टंकायचा कंटाळा असेल तर बोलून लिहिता येते, मराठीतून. व्हॉट्सॲपवर २०२२ च्या अखेरीपासून स्वतःलाच संदेश पाठवता येतो. अनेकांची पहिली यादी तिथेच होते, आणि सुरुवातीला तेवढे पुरे आहे. कोणते ॲप चांगले, या वादात आम्हाला रस नाही. आमचा मुद्दा वेगळा आहे आणि तो शेतकरी घरांसाठी फार महत्त्वाचा आहे.

ही ॲप शहरातल्या कचेऱ्यांच्या सवयीतून घडली. तिथे कामाला तारीख असते: सोमवारी बैठक, शुक्रवारी अहवाल. आपल्याकडची निम्मी कामे तारखेची नसतातच. सोयाबीन कधी पेरायचे? परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ दरवर्षी सांगते की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. म्हणजे पेरणीला तारीख नाही, अट आहे. वाफसा आला तर कोळपणी, उघडीप मिळाली तर फवारणी, वारे पडले तर तणनाशक. अशा कामाला ॲपमध्ये १२ जून अशी तारीख टाकली, तर त्या दिवशी फोन वाजतो, पाऊस झालेला नसतो, काम लाल अक्षरांत ‘राहिले’ म्हणून दिसू लागते आणि आठवडाभरात यादीत लालच लाल होते. माणसाला वाटते आपण मागे पडलो. मग तो ॲप उघडायचेच सोडून देतो. त्याहून वाईट म्हणजे, तारीख डोळ्यांसमोर आली की पहिल्या सरीवरच पेरून टाकण्याची घाई होते. दुबार पेरणी काय करते हे मराठवाड्याला सांगायला नको.

म्हणून आमचे पहिले सांगणे हे की, याद्या दोन ठेवा. एक तारखेची. तिच्यात बँक, दाखले, प्रवेश, ई-केवायसी, लसीकरण, औषधे. पीककर्ज ३० जूनच्या आत फेडणाऱ्याला पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेचा लाभ मिळत आला आहे, तेव्हा त्याची आठवण ३० तारखेला नको, १५ जूनला वाजू द्या. या यादीत फोनने खुशाल ओरडावे. दुसरी यादी वाफशाची. तिच्यातल्या कामांना तारीख मुळीच द्यायची नाही. त्याऐवजी कामाच्या आधी अट लिहायची. ‘७५ मिमी पाऊस झाला की सोयाबीन.’ ‘सोयाबीन २०-२५ दिवसांचे, वाफसा असला की कोळपणी.’ ही यादी वाजत नाही. रोज सकाळी आभाळ पाहून ती उघडायची आणि त्या दिवसाला जमतील ती दोन-तीन कामे उचलायची. मायक्रोसॉफ्टच्या ॲपमध्ये ‘माय डे’ नावाचे पान आहे, ते रोज मध्यरात्री कोरे होते आणि न झालेली कामे मूळ यादीत सुरक्षित राहतात. कालचे ओझे आज सकाळी अंगावर येत नाही. पावसावर जगणाऱ्याला ही रचना चांगली जुळते.

यादीचे आणखी एक काम आहे, ते म्हणजे क्रम सांभाळणे. बीजप्रक्रियेचेच पाहा. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी रायझोबियमसारखे जिवाणू संवर्धन. हा क्रम उलटा झाला तर औषधाने जिवाणूच मरतात आणि पाकिटाचे पैसे मातीत जातात. हे बहुतेकांना ठाऊक असते. पण ट्रॅक्टर बांधावर येऊन उभा आहे, मजुरांचा खोळंबा होतो आहे, पश्चिमेला आभाळ भरून आले आहे, अशा वेळी ठाऊक असलेलेच चुकते. घरचे बियाणे असेल तर त्याआधीचे काम उगवण तपासण्याचे: ओल्या गोणपाटात १०० दाणे ओळीने मांडायचे, गुंडाळून सावलीत ठेवायचे, पाणी शिंपडत राहायचे आणि आठवडाभराने मोड मोजायचे. ७० किंवा अधिक उगवले तर ठीक. कमी उगवले तर एकरी बियाणे वाढवायचे नाहीतर बदलायचे. हे काम मृग निघाल्यावर आठवून उपयोग नाही. ते यादीत पेरणीच्या वर असावे लागते.

क्रम आणि यादी यांची ताकद जगाला पटवून देणारा माणूस मुळाने आपल्या शेजारचा आहे. बोस्टनचे सर्जन डॉ. अतुल गावंडे यांचे वडील डॉ. आत्माराम गावंडे हे पैनगंगेपलीकडच्या, यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. उमरखेडचे गोपिकाबाई सीताराम गावंडे महाविद्यालय अतुल यांच्या आजीच्या नावाने उभे आहे. अतुल गावंडे यांच्या पुढाकाराने जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची यादी आणली. दिल्लीपासून टांझानियातल्या इफाकारा या ग्रामीण गावापर्यंत आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली. जानेवारी २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले: मोठ्या गुंतागुंतींचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आणि मृत्यूंचे १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यावर आले होते. त्या यादीत सर्जनला माहीत नसलेले असे काहीच नव्हते. रुग्ण तोच आहे ना, शस्त्रक्रियेची बाजू बरोबर आहे ना, प्रतिजैविक वेळेवर दिले का, आत काही राहिले नाही ना, इतके साधे प्रश्न. पण ती यादी मोठ्याने वाचली जाई, आणि काप घेण्यापूर्वी खोलीतल्या प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगावे असा तिच्यात मुद्दा होता. यादी सगळ्यांची असली की परिचारिकाही सर्जनला थांबवू शकते. आम्हाला यातले हे शेवटचे सर्वांत मोलाचे वाटते.

कारण आपल्या घरांत नेमके तेच होत नाही. यादी केलीच तर ती घरातल्या कर्त्या पुरुषाच्या नाहीतर कॉलेजात जाणाऱ्या मुलाच्या फोनमध्ये होते. तिच्यात बँक येते, खत येते, ट्रॅक्टरचे भाडे येते. सासूबाईंना पुढच्या बुधवारी दवाखान्यात दाखवायचे, धाकटीचा डोस, बचत गटाचा हप्ता, रेशनचा अंगठा, शाळेचा गणवेश, पाहुण्यांची ओटी, हे तिच्यात नसते. ते घरच्या बाईच्या डोक्यात असते. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात आणि घरकामात हात लावणारे पुरुष ९७ मिनिटे, असे आढळले होते. ही मिनिटे हातांच्या कामाची. ते काम आठवणीत ठेवण्याला किती वेळ आणि किती जीव लागतो, त्याचा हिशेब त्यात नाही.

हळदीच्या घरात हे फार स्पष्ट दिसते. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, वसमतला हळद संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र उभे राहिले, हिंगोलीच्या बाजारात शेजारच्या जिल्ह्यांतून माल येतो. या जिल्ह्याला ते भूषण आहे. पण या पिकाची सुरुवात कुठे होते ते पाहावे. मे-जूनमध्ये गोठ्याशेजारच्या सावलीत बायका बेण्याचा ढीग घालून बसतात. सडका, पोचट, कंदमाशीने पोखरलेला गड्डा बोटांनी दाबून ओळखतात आणि बाजूला टाकतात, चांगला डोळा असलेला ठेवतात. ते निवडलेले बेणे प्रक्रियेला जाते, मग सरीत. पुढे नऊ महिने भरणी, खताचे हप्ते, करप्याची फवारणी, पाला कापणी, काढणी, शिजवणे, वाळवणे, पॉलिश अशी एकामागून एक कामे येत राहतात. फोनमधल्या यादीत ‘हळद लावण’ अशी एक ओळ असते, आणि तिच्याआधीचे चार दिवस, निवडण्याचे, कुठेच नोंदलेले नसतात. त्या चार दिवसांत स्वयंपाक, धुणे, गुरांचे पाणी हे थांबलेले नसते, तेही नोंदलेले नसते. जे नोंदलेले नाही ते कुणाला वाटून देता येत नाही. म्हणून यादी घरात सामाईक असली पाहिजे. ॲपमध्ये एक यादी चार फोनांवर ठेवता येते. जिच्याकडे फोन नाही तिने बोलावे, दुसऱ्याने लिहावे, आणि रात्री जेवणे झाल्यावर ती एकदा मोठ्याने वाचली जावी. कामापुढे करणाऱ्याचे नावही लिहावे. ‘आईच्या गोळ्या’ या ओळीपुढे मुलाचे नाव आले, की ते काम खरोखर आईच्या आणि बायकोच्या डोक्यातून उतरते. एक खबरदारी मात्र घ्यायला हवी. घरातली शिकलेली मुलगी हीच यादीची कारकून होऊन बसेल, आणि तिच्या अभ्यासाच्या वेळेतून सगळ्या घराची आठवण राखली जाईल. तसे होऊ देऊ नये.

ॲपवर सर्वस्वी विसंबूनही चालणार नाही. वंडरलिस्ट हे बर्लिनमधल्या मंडळींनी काढलेले ॲप जगभर लाडके होते. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतले आणि ६ मे २०२० रोजी बंद केले. फोन पाण्यात पडतो, रिचार्ज संपतो, शिवारात रेंज नसते. रेंज नसताना चालणारे ॲप निवडावे, आणि खातेक्रमांक, गट क्रमांक, दाखल्यांच्या मुदती अशा टिकाऊ गोष्टी वहीत एकदा उतरवून ठेवाव्यात. आधार क्रमांक, पासवर्ड, ओटीपी मात्र यादीत कधीच लिहू नये. सामाईक यादी चार जण पाहतात, हे विसरता कामा नये.

यादीने सोयाबीनचा भाव वाढत नाही, कर्ज फिटत नाही, पाऊसही येत नाही. हे आम्ही जाणतो. ज्याच्या डोक्यावर थकबाकी आहे त्याला ‘यादी करा’ म्हणून सांगणे पुरेसे नाही, त्याच्यासाठी वेगळी आणि मोठी लढाई लढावी लागते, लढली पाहिजे. पण चिंता आणि काम एकमेकांत मिसळून गेले की माणसाला दोन्हींचा अंदाज येईनासा होतो. भाव हातात नाही, दाखला हातात आहे. पाऊस हातात नाही, गोणपाटातले १०० दाणे हातात आहेत. लिहून काढल्यावर हातातल्या ओळी निदान वेगळ्या दिसतात, आणि रात्री अकरा वाजता मनात फिरत राहणाऱ्या वीस गोष्टींपैकी सात उद्याच्या निघतात, पाच पुढच्या आठवड्याच्या, तीन दुसऱ्या कुणाच्या. उरलेल्या पाचांविषयी मग कुणाशी तरी बोलता येते, गावातल्या जाणत्याशी, सोसायटीच्या सचिवाशी, भावाशी. एवढा उपयोग आम्हाला लहान वाटत नाही.

शेवटी प्रशासनाकडे एक मागणी. नागरिकाने यादी नीट ठेवायची, तर तारखा त्याला वेळेवर आणि एका जागी मिळाल्या पाहिजेत. आज पीकविम्याची मुदत एका खात्याकडून कळते, ई-पीक पाहणीची दुसऱ्याकडून, शिष्यवृत्तीची तिसऱ्याकडून; आणि पुष्कळदा कळते ती व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या चित्रातून, ज्यावर वर्ष लिहिलेले नसते. मग गेल्या वर्षीची तारीख यंदाची समजून लोक सेतू केंद्रात खेटे घालतात. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला, आणि दरवर्षी १ मे हा गावोगावच्या ग्रामसभेचाही दिवस असतो. त्या ग्रामसभेत कृषी, महसूल, सहकार आणि शिक्षण या चार खात्यांच्या खरीप हंगामातल्या सर्व मुदती एका पानावर, मराठीत, वर्षासह छापून वाचल्या जाव्यात, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागाव्यात, आणि मुदत वाढली तर त्याच पानावर दुरुस्ती व्हावी. एखाद्या गावची मुले ते पान गावाच्या सामाईक यादीत चढवतील, प्रत्येक तारखेच्या पंधरा दिवस आधीची आठवण लावतील. यंदाचा १ मे उलटून गेला. पण पुढची ग्रामसभा १५ ऑगस्टला आहे, आणि तोवर ई-पीक पाहणीच्या आणि शिष्यवृत्त्यांच्या तारखा जाहीर होऊ लागतील. जिल्हाधिकारी कार्यालयाने तेवढ्या तारखांपासून तरी सुरुवात करावी.